ओल्या पट्टीचा पुरावा

चिरंजीव धाकटीस,

थोरल्या भावाचे मनापासून आशीर्वाद. तू बरी आहेस असं धरून चालतो, कारण मोबाइलवर तू नुसता वर केलेला अंगठा पाठवतेस आणि अंगठ्यावरून माणसाची तब्येत कळत नाही. गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस ना, की जन्मभर दुसऱ्यांना गोळ्या दिल्या म्हणून स्वतःची विसरतेस? भाचा संध्याकाळी वेळेवर घरी येतो का? सूनबाईंचा खोकला थांबला का? नात शाळेत जाताना अजून रडते का? या सगळ्याची उत्तरं कृपा करून अंगठ्याने देऊ नकोस. कोरा कागद नसेल तर जुन्या बिलाच्या पाठीवर लिही, पण लिही.

मी खुशाल आहे, म्हणजे इस्पितळात आहे. लगेच हातपाय गाळू नकोस. डाव्या नडगीला जखम झाली आहे, बाकी मी शाबूत आहे. झालं असं, की स्वयंपाकघरात ते लोखंडी स्टूल आहे ना, तुझी वहिनी ज्यावर उभी राहून वरचे डबे काढायची, त्याची कड लागली. ती होती तेव्हा ते स्टूल कधी कोणाच्या पायात आलं नाही. ती गेल्यापासून ते मी हलवलं नाही, तरी दिवसाआड माझ्या वाटेत येतं. खरचटल्यासारखंच होतं. घरात दाखवायला कोणी नव्हतं आणि आपल्याच नडगीकडे आपण किती वेळ बघणार, म्हणून राहिलं. शेजारच्यांनी सांगितलं टूथपेस्ट लावा, ती लावली. इमारतीच्या पहारेकऱ्याने सांगितलं टूथपेस्ट पुसून टाका आणि बोरिक पावडर भुरभुरवा, तीही भुरभुरवली. (कोणाचं मन मोडायला नको म्हणून दोघांचंही ऐकलं. तू असतीस तर दोघांनाही फैलावर घेतलं असतंस.) शेवटी औषधाच्या दुकानदाराने काउंटरच्या पलीकडूनच पाय पाहिला आणि रिक्षा बोलावली.

आता पत्राचं कारण. तू जन्मभर नर्स म्हणून काम केलंस, तेव्हा मला तुझं एका शास्त्रीय प्रश्नावर लेखी मत हवं आहे: जखमेची पट्टी रोज बदलावी की न बदलावी? तू म्हणशील, सातवी नापास माणसाला कशाला हव्यात या चौकशा. पण मी कोर्टात पुकारे करण्यात सगळी नोकरी काढली. दाराशी उभा राहून नावं पुकारायची आणि मग आत काय चाललंय ते ऐकायचं. पुरावा म्हणजे काय हे मी ऐकून ऐकून शिकलो आहे. आणि या वॉर्डात सध्या पुराव्यावरूनच सगळं पेटलेलं आहे.

इथे वॉर्डाच्या प्रमुख आहेत मोठ्या सिस्टर. केस पिकलेले, कंबर दुखते, पण चालणं असं की खाटा आपोआप सरळ होतात. मी आलो तेव्हा त्या रोज सकाळी स्वतः पट्टी करायच्या. ढकलगाडी घेऊन यायच्या (तिचं एक चाक रुसलेलं आहे, त्यामुळे गाडी सरळ ढकलली की तिरकी जाते), जुनं कापड सर्रकन ओढून काढायच्या, आणि मग एका बाटलीतून ते फेसाचं औषध ओतायच्या. फस्स करून पांढरा फेस यायचा. त्या म्हणायच्या, बघा काका, कशी घाण निघतेय. फार झोंबायचं. पण झोंबत असताना त्या बोलायच्या. त्यांच्या नणंदेने घरातला पंखा कसा नेला, जावई कसा हसतच नाही, वरच्या मजल्यावरचे लोक रात्री काय सरकवतात, सगळं. मला त्यांच्या घरातली एक-एक खोली पाठ झाली होती. आपल्या घरात बसून इतका कोणाच्या संसारात मी कधी नव्हतो.

मग नवीन सिस्टर आली. कॉलेजात चार वर्षं शिकून आलेली आहे, चष्मा लावते, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघते. तिने माझ्या पायाकडे पाहून सांगितलं, की फेसाचं औषध घाणीबरोबर नवीन येणारी कातडीही मारतं, आणि सुकं कापड रोज ओढलं की आलेलं मांस पुन्हा ओरबाडून निघतं. जखम मिठाच्या पाण्याने हळू धुवायची, तिच्यावर न चिकटणारी मऊ पट्टी घालायची आणि तीन दिवस तिला अजिबात हात लावायचा नाही. पट्टी भिजली किंवा सुटली तरच आधी बदलायची. मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, पुरावा आहे. मी विचारलं, साक्षीदार कोण? तर म्हणाली, शेकडो रुग्ण. अर्ध्यांना एक पद्धत, अर्ध्यांना दुसरी, कोण लवकर बरं होतं ते मोजायचं, आणि हे अनेक देशांत अनेकांनी केलेलं आहे. धाकटे, मला ते ऐकून बरं वाटलं नाही. इतके साक्षीदार एकाच बाजूने बोलतात तेव्हा आमच्या कोर्टात वकील चष्मा पुसायला लागत.

मी बिछान्यावरून सगळ्यांची चौकशी केली. (दुसरं काम नाही.) मोठ्या सिस्टर म्हणाल्या, पुस्तकं नंतर आली, जखमा आधी आल्या. जखम कशी आहे ते हात सांगतो. पोरगी दिवसभर मोबाइलमध्ये बघत असते आणि विचारलं की म्हणते शोधनिबंध वाचतेय. तिथे एक ब्रदर आहे, म्हणजे पुरुष नर्स, दोन मुलांचा बाप, नेहमी घाईत. त्याचं मत मला सर्वांत आवडलं. तो म्हणाला, 'काका, मला हे शंभर टक्के पटतं. पण वाचायला वेळ नाही. वाचलं तर करायला वेळ नाही. केलं तर मोठ्या सिस्टर करू देत नाहीत, आणि त्यांनी करू दिलं तर डॉक्टर लिहून देत नाहीत.' एवढं बोलून त्याने पुढच्या खाटेवर फेस ओतला. पुराव्यावर त्याचा विश्वास पूर्ण होता, फक्त त्याच्या हातांना अजून कोणी कळवलं नव्हतं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, चालू द्या. हे ते सगळ्यांनाच म्हणतात. मोठ्या सिस्टरना म्हणाले, चालू द्या, आणि नवीन सिस्टरलाही म्हणाले, चालू द्या. म्हणून मग असं ठरलं, की खिडकीकडची रांग नव्या पद्धतीने आणि दाराकडची रांग जुन्या, आणि बघू कोण आधी बरं होतं ते.

मी खिडकीकडच्या रांगेत. शेजारच्या खाटेवर एक शिंपी आहेत, त्यांचाही पाय. नवीन सिस्टर पट्टी करायला यायची तेव्हा स्टूल ओढून बसायची. घाई नाही. हातमोजे घालून थेंब थेंब पाणी सोडायची आणि मला विचारायची, आजोबा, कोर्टात पुकारा कसा करायचा? मी हळू आवाजात करून दाखवायचो. ती हसायची. तिच्या वसतिगृहातल्या खोलीचं दार लागत नाही, आईची आठवण आली की ती कपडे धुवायला काढते, हे तिने मला सांगितलं. जखम अजिबात दुखायची नाही. पट्टी झाली की ती म्हणायची, आता तीन दिवसांनी.

आणि इथेच सगळं बिघडलं. मधल्या दिवसांत माझ्या पायाकडे कोणी बघेना. पायाकडे बघेना म्हणजे माझ्याकडेच बघेना, कारण इथे मी म्हणजे पाय. गोळ्या देणारी बाई गोळ्या ठेवून जाते. झाडू मारणारी पाय वर करा म्हणते, आणि माझा पाय आधीच वर असतो. भेटीच्या वेळेला शिंप्यांकडे माणसांची रांग लागते. बायको, मेव्हणे, गिऱ्हाइकं. एकजण तर बाही आखूड झाली म्हणून खाटेवर शर्ट घेऊन आला होता. मी खिडकीतून पाण्याची टाकी बघतो. माझे चिरंजीव रविवारी फोन करतात. बाबा, कसे आहात? बरा आहे. काळजी घ्या. घेतो. बाकी? आता 'बाकी' या प्रश्नाला काय उत्तर द्यावं हे मला आजवर सुचलेलं नाही. मी म्हणतो, बाकी ठीक. मग तो म्हणतो, ठेवू?

म्हणून एके दिवशी चहा सांडला. पहिल्यांदा खरोखर सांडला, हे मी शपथेवर सांगतो. पट्टी भिजली, आणि नवीन सिस्टर धावत आली, स्टूल ओढलं, बसली. दुसऱ्या दिवशी मी थोडा मुद्दाम सांडला. इथला चहा तुला माहीत नाही. आमच्यासारख्या मधुमेहवाल्यांचा बिनसाखरेचा, आणि इतका फिका, की तो कपात असला तरच चहा म्हणून ओळखू येतो. पट्टीवर पडला की पिवळट डाग. तिला वाटलं जखमेतून पाणी येतंय. शिकलेल्या माणसाच्या डोक्यात जखमेतून चहा येईल असं कधी येतच नाही. तिने कापसाच्या काडीवर घेऊन तपासायला पाठवलं. तपासणीत काहीच निघालं नाही, तेव्हा ती आणखी घाबरली. रोज यायची, रोज बसायची, कपाळाला आठ्या घालून माझ्या नडगीकडे बघायची. मी फार सुखात होतो. शिंपी सगळं बघत होते. एकदा मला म्हणाले, 'काय कोर्टवाले, पाय आहे की चहाची टपरी?' मी म्हटलं, तुम्ही आपली बाही बघा.

मग डॉक्टरांची फेरी आली. मोठ्या सिस्टरनी माझ्या पायावरची पिवळी पट्टी डॉक्टरांसमोर धरली आणि म्हणाल्या, हा घ्या पुरावा. तीन दिवस पट्टी झाकून ठेवायची म्हणे, आणि पाण्याची धार लागलीय. जुन्या रांगेत एकाची तरी अशी आहे का? नवीन सिस्टर म्हणाली, एका रुग्णावरून सगळ्यांचं ठरवता येत नाही, बाकीच्यांच्या जखमा भरत आहेत. पण तिचा आवाज लहान झाला होता. डॉक्टर म्हणाले, मग रोजचंच चालू द्या. झालं. दोन्ही रांगांना रोज पट्टी, रोज फेस. नवीन सिस्टरला इंजेक्शनं भरायच्या टेबलावर बसवलं, आमच्याकडे पाठ करून. जन्मभर मी कोर्टात खोटे साक्षीदार पाहिले, पण माझाच पाय शपथ न घेता खोटी साक्ष देईल असं वाटलं नव्हतं.

आणि मला मिळालं काय? रोजची पट्टी मिळाली. पण वॉर्ड एव्हाना भरला होता, मोठ्या सिस्टरना सगळीकडे पुरं पडेना. सगळ्यांचीच पट्टी रोज म्हटल्यावर ब्रदर एका टोकापासून सुटायचा. कापड ओढ, ओत, गुंडाळ, पुढचा. एक शब्द नाही. त्याचा काही दोष नाही, त्याला शेवटच्या खाटेपर्यंत जेवणाच्या वेळेआधी पोहोचायचं असतं. मी एकदा त्याला म्हटलं, मुलं काय म्हणतात? तोवर तो शिंप्यांकडे गेलेला. शिंप्यांची जखम छान भरत आली होती, वर गुलाबी पापुद्रा धरला होता. ब्रदरने कापड ओढलं तेव्हा पापुद्राही आला. शिंपी तोंडाळ माणूस, सगळ्या वॉर्डाला हसवणारे. त्यांनी खाटेचा गज धरला आणि भिंतीकडे तोंड केलं. फेस बसेपर्यंत तसेच पडून होते. नंतर मला म्हणाले, 'कोर्टवाले, तुमच्या चहात साखर नसते ना? मग एवढ्या मुंग्या कशा लागल्या हो माझ्या पायाला?' सगळं ठाऊक असून त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. माझं नाव पुकारलं गेलं, एवढं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी कुबडी घेऊन त्या टेबलापर्यंत गेलो. (चालायला परवानगी नाही. तू रागावू नकोस.) नवीन सिस्टर सुया मोजत होती. मी म्हटलं, 'सिस्टर, ते पाणी जखमेचं नव्हतं. चहा होता.'

तिने हातातली सुई खाली ठेवली. मग म्हणाली, 'सांडला?'

'सांडवला.'

'का?'

मी म्हटलं, पट्टी कोरडी असली की तुम्ही येत नाही. सुया मोजायच्या राहिल्या आणि तिला पहिल्यापासून मोजाव्या लागल्या. मी तिथेच उभा. शेवटी ती म्हणाली, आजोबा, हे तुम्हाला डॉक्टरांसमोर सांगावं लागेल, मी सांगितलं तर कोणी ऐकणार नाही. रागावली होती, पण मला हाताला धरून खाटेवर आणून सोडलं.

म्हणजे बघ, जन्मभर दुसऱ्यांना पिंजऱ्यात बोलावलं आणि उतारवयात स्वतः उभा राहिलो. फेरीच्या वेळी मी सांगितलं. सगळं सांगितलं, चहाचा रंगही सांगितला. ब्रदरने हसू लपवायला तोंडावरचा मास्क वर ओढला. मोठ्या सिस्टर तांबड्या झाल्या. डॉक्टरांनी शिंप्यांचा पाय पाहिला, दाराकडच्या रांगेतले दोन पाय पाहिले, मग माझा पाहिला, आणि नवीन सिस्टरला म्हणाले, चालू द्या. या वेळी मात्र त्यांनी ते कागदावर लिहून दिलं. ब्रदर म्हणतो, लिहून दिलं म्हणजे आता पटायला हरकत नाही.

त्या दुपारी मोठ्या सिस्टर माझ्याकडे आल्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या ढकलगाडी न घेता आल्या होत्या आणि खाटेच्या कडेवर बसल्या, जे त्या कोणालाच करू देत नाहीत. म्हणाल्या, 'काका, आम्हाला असंच शिकवलं होतं. फेस आला की आपण काहीतरी करतोय असं वाटायचं.' मग चादरीची घडी सरळ करत म्हणाल्या, 'किती जणांच्या पायांवर ओतलं असेल हो मी.' मी म्हटलं, तुमच्या हाताने पुष्कळ लोक बरे होऊन घरी गेले असतील. तर उठताना म्हणाल्या, 'हे तुम्ही आता पुराव्याशिवाय बोलताय.' पण जरा हसल्या. तेव्हा मला तुझी आठवण झाली, धाकटे. तूही ओतलं असशील ना? तुला कोणी सांगितलं का नंतर, की नाही ओतलं तरी चाललं असतं?

तर असा हा प्रकार. आता नव्या पद्धतीने सगळं चालू आहे, शिंपी पुन्हा हसवायला लागले आहेत, आणि माझी पट्टी कोरडी आहे. नवीन सिस्टर दिवसातून एकदा खाटेपाशी थांबते. बसत नाही, उभ्या उभ्या म्हणते, आजोबा, आज काय सांडलं? तेवढ्यात कोणीतरी तिला हाक मारतं. मी तिला म्हटलं, नुसतं बसल्याने जखम लवकर भरते का, यावर कोणी अभ्यास केलाय का बघा. ती म्हणाली, बघते. खरंच बघेल, अशी मुलगी आहे. तुझं मत मात्र लवकर पाठव. सूनबाईंना आशीर्वाद, भाच्याला आशीर्वाद, नातीला माझ्या वतीने एक पापा. गुडघ्याला जप.

तुझा
दादा

ता. क. मत पाठवू नकोस. वर वाचून पाहिल्यावर लक्षात आलं, की आता त्याचा काही उपयोग नाही. जखम जवळजवळ भरली आहे. मोठ्या सिस्टर स्वतः बघून म्हणाल्या, छान आहे. त्यांना हे म्हणायला जड गेलं, पण म्हणाल्या.

पुन्हा ता. क. हे आधीच लिहायचं होतं, पण पत्राच्या सुरुवातीला बरं दिसलं नसतं. सोमवारी मला घरी सोडणार आहेत. नवीन सिस्टरने विचारलं, घरी पट्टी बघायला कोणी आहे का? तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की बहीण येणार आहे, ती स्वतः नर्स होती. ती म्हणाली, मग मला काळजी नाही. इतकी खूश झाली, की नंतर मला खरं सांगवेना. एकाच वॉर्डात दोनदा साक्ष फिरवणं बरं नव्हे. चिरंजीवांना हे सांगितलेलं नाही, ते फोनवर पुन्हा काळजी घ्या म्हणतील. नातीची शाळा आहे, सूनबाईंना तुझा हातभार लागतो, हे सगळं मला कळतं. नाही जमलं तर मी समजून घेईन. (घेणार नाही, पण पत्रात तसं लिहायची पद्धत आहे.)

शेवटचं. कामाचा बोजा होईल असं वाटून घेऊ नकोस. पट्टी तीन दिवसांनीच बदलायची आहे, त्याला पक्का पुरावा आहे. मधल्या दिवसांत तुला काहीच करायचं नाही. नुसतं येऊन बसायचं.